संकर चिलटांतली गप्प जनुकं: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

विषय ठरला. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि ड्रोसोफिला सिम्युलन्स या दोन प्रजातींच्या संकरात रायबोसोमल आरएनएची (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा मुख्य भाग) जनुकं आई आणि बाप दोघांकडून येतात, पण चालतात मेलॅनोगॅस्टरची. सिम्युलन्सची जागच्या जागी असतात आणि गप्प असतात. याला न्यूक्लिओलर डॉमिनन्स म्हणतात, म्हणजे न्यूक्लिओलसचं प्राबल्य; न्यूक्लिओलस हा पेशीच्या केंद्रकातला गोळा, जिथे रायबोसोम घडतात. ड्युरिका आणि क्रायडर या जोडीने याच संकरावर १९७७ आणि १९७८ मध्ये काम छापलंय, तेव्हा मी काही नवं शोधणार नाहीये. मॅडमची अट वेगळी आहे: "निकाल काय येणार ते आपल्याला माहीत आहे. तो दुसऱ्या कुठल्या कारणाने आला असता, ते दरवेळी लिहायचं." म्हणून ही वही.

यापुढे नोंदींत मेल आणि सिम एवढंच लिहीन.

१० जानेवारी

वाचन. मूळ गोष्ट माश्यांची नाहीच, झाडांची आहे. रशियन सायटोलॉजिस्ट नावाशिन यांनी क्रेपिस या रानफुलाच्या संकरांत पाहिलं की एका पालकाच्या गुणसूत्रावरची दुय्यम खाच (न्यूक्लिओलस बनतो तिथला आकसलेला भाग) नाहीशी होते. त्यांचा मोठा लेख १९३४ चा. त्याच वर्षी बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दाखवलं की न्यूक्लिओलस गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागी तयार होतो. तेव्हा त्या जागेत रायबोसोमल जनुकं असतात हे कुणालाच माहीत नव्हतं. रायबोसोम हा शब्दही नव्हता. तरी निरीक्षण दोघांचंही आज तसंच्या तसं टिकून आहे.

नंतर बेडकांवर काम झालं. झेनोपस लेविस आणि झेनोपस बोरिआलिस यांच्या संकरात लेविसची बाजू जिंकते, आणि तिथे खुलासा असा दिला गेला की लेविसच्या जनुकांमधल्या स्पेसरमध्ये (मधल्या मोकळ्या जागेत) एन्हान्सर, म्हणजे जनुकाला जोर देणारे तुकडे, जास्त आहेत, त्यामुळे ती जनुकं प्रथिनं आपल्याकडे ओढतात. ऐकायला पटतं. पण अरॅबिडॉप्सिस आणि ब्रासिका कुळातल्या संकरांवर पिकार्ड यांच्या गटाने जे केलं त्यात हा खुलासा बसत नाही. १९९७ मध्ये चेन आणि पिकार्ड यांनी ब्रासिकाच्या संकरात डीएनए मेथिलेशन (जनुक बंद ठेवणारी रासायनिक खूण) अडवणारं किंवा हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अॅसिटिल गट काढू न देणारं रसायन वापरलं आणि गप्प जनुकं बोलती केली. म्हणजे हरलेली बाजू दुबळी नव्हती, तिला दाबून ठेवलं होतं.

माशीत सायटोसिनचं मेथिलेशन जवळपास नाहीच. त्यामुळे झाडांचं उत्तर इथे जसंच्या तसं आणता येत नाही. हे मला सर्वांत आवडलं. कुलूप तेच, किल्ली वेगळी असणार.

१३ जानेवारी

दोन्ही स्टॉक (प्रयोगशाळेत जोपासलेले माश्यांचे वंश) आले, मेल आणि सिम. मेलचा स्टॉक यलो म्युटंट मागवला आहे, त्याचं कारण पुढे लिहीन.

आधी ओळख पटवणं. दोन्ही प्रजातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर मला तरी ओळखता येत नाहीत. नर येतात: पोटाच्या टोकाशी जननांगाची जी कमान असते ती सिममध्ये मोठी, शिंपल्यासारखी गोल, मेलमध्ये लहान आणि आकडीसारखी. स्टर्टेव्हंट यांनी १९१९ मध्ये सिम वेगळी प्रजाती म्हणून नोंदवली, तोपर्यंत ती मेलमध्येच मोजली जात होती. दोन्ही बाटल्यांतले नर तपासले. बाटल्या शुद्ध आहेत. हे दर पिढीला करायचं, कारण सिमच्या बाटलीत एक मेल मादी शिरली तर पुढे काहीच कळणार नाही.

खाद्य: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर, शेवटी प्रोपिऑनिक आम्ल. या वेळचा गूळ जास्त ओला होता, पृष्ठभाग पाझरतोय. काकांनी अगर थोडा वाढवला.

१५ जानेवारी

आज दिवसभर फक्त कागदावर काम. कुणाला काय मिळतं याचा हिशोब पक्का झाल्याशिवाय संकर लावायचा नाही असं ठरलं.

मेलमध्ये रायबोसोमल जनुकांचे संच एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर आहेत, प्रत्येकावर साधारण २०० ते २५० प्रती, एकामागोमाग एक लावलेल्या, हेटेरोक्रोमॅटिनच्या (गुणसूत्राचा घट्ट गुंडाळलेला, बहुतांश गप्प भाग) मधोमध. प्रत्येक प्रतीत १८एस, ५.८एस, २एस आणि २८एस या रायबोसोमल आरएनएंचे भाग. काही प्रतींच्या २८एसमध्ये आर१ किंवा आर२ नावाचे उड्या मारणारे तुकडे घुसलेले असतात आणि त्या प्रती सहसा बंद असतात. सिममध्ये मात्र संच फक्त एक्सवर आहे. सिमच्या वायवर जनुकं नाहीत, नुसत्या स्पेसरच्या २४० बेसच्या पुनरावृत्तींचा प्रचंड ढीग आहे. लोही आणि रॉबर्ट्स यांनी १९९० मध्ये हे छापलं. जनुक नाही, जनुकांमधली मोकळी जागा तेवढी आहे आणि तीही गरजेपेक्षा कितीतरी जास्त! नरात एक्स आणि वाय यांनी एकमेकांना धरून ठेवण्यासाठी या पुनरावृत्ती कामी येतात.

आता संकर.

मेल आई, सिम बाप: मुलींना एक मेलचा एक्स, एक सिमचा एक्स. खरा सामना इथे. मुलांना मेलचा एक्स आणि सिमचा वाय. त्यांच्यात जनुकं फक्त मेलची, म्हणजे सामनाच नाही. पण ही मुलं अळीच्या अखेरीला किंवा कोशात जाताना मरतात.

सिम आई, मेल बाप: मुलांना सिमचा एक्स आणि मेलचा वाय. ती जगतात, वांझ असतात. मुली अंड्यातच मरतात. त्याचं कारण मेलच्या एक्सवरचा ३५९ बेसच्या पुनरावृत्तींचा मोठा पट्टा. सिमच्या अंड्यातला माल हा पट्टा हाताळू शकत नाही, पेशीविभाजनात ते गुणसूत्र मागे अडकतं. फेरी आणि बार्बाश, २००९.

म्हणजे चार प्रकारची संतती, त्यातली दोन प्रौढ होणार, आणि अभ्यास अळीत करायचा असल्यामुळे तीन हाती लागणार. मेल आईची मुलं मरणार असली तरी तिसऱ्या टप्प्याच्या अळीपर्यंत पोचतात, आणि ती माझ्यासाठी फुकटचं कंट्रोल आहेत: त्यांच्यात सिमचा आरएनए दिसला तर माझी पद्धत खोटी.

१७ जानेवारी

यलो का. अळीचं लिंग एरवी चरबीतून दिसणाऱ्या जननग्रंथीवरून ओळखतात. नराची मोठी आणि काचेसारखी दिसते. संकरांत जननग्रंथी नीट वाढतच नाहीत, त्यामुळे ती खूण निरुपयोगी. यलो जनुक एक्सवर आहे. यलो मेल आई आणि साधा सिम बाप घेतला की मुलींना बापाकडून चांगली प्रत मिळते, त्यांच्या तोंडातले आकडे काळे. मुलांना मिळत नाही, त्यांचे आकडे पिवळट तपकिरी. दुर्बिणीखाली अळी उलटी केली की काम झालं.

कुमारी माद्या गोळा करणं सुरू. सकाळी बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा. रात्री १८ अंशांवर.

२२ जानेवारी

मेल आई × सिम बाप लावला. ताईने (शेजारच्या टेबलावरची, पीएचडीचं तिसरं वर्ष) दोन युक्त्या सांगितल्या: माद्या अगदी तरुण घे, नर थोडे वयस्कर आणि बरेच दिवस मादीशिवाय ठेवलेले, आणि कापसाचा बोळा नळीत खोल ढकल, म्हणजे त्यांना फिरायला जागाच राहू नये. सिमचा नर मेलच्या मादीच्या अंगावरच्या ७,११-हेप्टाकोसाडाईन या मेणट रसायनाला बिचकतो. कोंडलं की नाइलाज होतो.

उलटा संकरही लावला. तो आणखी हट्टी. सिमच्या माद्या मेलच्या नरांना झटकून टाकतात.

२९ जानेवारी

पहिल्या संकराच्या बऱ्याच नळ्यांत अळ्या. उलट्यात काही नाही. नुसती अंडी, आणि तीही फळलेली दिसत नाहीत.

३ फेब्रुवारी

मॅडमशी लांब चर्चा, विषय: ऊतक कुठलं घ्यायचं.

मी लाळग्रंथी म्हणत होते. प्रत्येक पाठ्यपुस्तकात तिचाच फोटो, गुणसूत्रं दोरखंडाएवढी, न्यूक्लिओलस एका नजरेत दिसणारा, प्रॅक्टिकलमध्ये हात बसलेला. मॅडम म्हणाल्या, "लाळग्रंथीत जनुक गप्प आहे की मुळात कमी आहे, हे तू कसं सांगणार?"

मुद्दा असा. लाळग्रंथीच्या पेशी विभागत नाहीत, डीएनएच्या प्रती काढत राहतात. पण सगळ्या भागांच्या सारख्या काढत नाहीत. हेटेरोक्रोमॅटिन मागे राहतं, आणि दोन एक्सपैकी सहसा एकाच्याच रायबोसोमल संचाच्या प्रती वाढतात. शॅरिन एन्डो यांनी हे शुद्ध मेलमध्ये दाखवलेलं आहे, तिथे संकराचा संबंधही नाही. गुडरिच-यंग आणि क्रायडर यांचा १९८९ चा लेख तर याच संकरावरचा आहे, आणि शीर्षकातच दोन प्राबल्यं वेगळी मांडली आहेत: न्यूक्लिओलसचं आणि प्रतिकृतीचं. लाळग्रंथीत सिमचा आरएनए कमी दिसला तर तो दाबल्यामुळे की साचाच कमी म्हणून, हे आरएनएकडे बघून कळणार नाही.

मेंदूतल्या न्यूरोब्लास्ट (चेतापेशी घडवणाऱ्या) पेशी विभागतात, त्यांच्यात दोन्ही एक्सची एकेक पूर्ण प्रत असते. सामना बरोबरीचा. दिसायला कंटाळवाण्या, पण साक्ष त्यांचीच धरायची. लाळग्रंथीही सोबत ठेवू, मुद्दाम, फरक दाखवायला.

न्यूक्लिओलस मोजण्याचा बेत मात्र रद्द. पेशीत एकच न्यूक्लिओलस दिसणं हा पुरावा नव्हेच. दोन्ही संच चालू असले तरी दोन न्यूक्लिओलस एकमेकांत मिसळून एक होतात.

७ फेब्रुवारी

प्रायमर, म्हणजे पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात करून देणारे छोटे तुकडे. तयार झालेला १८एस, २८एस दोन्ही प्रजातींत जवळपास सारखा, शिवाय तो रायबोसोममध्ये दिवसेंदिवस टिकतो. आज जनुक चालू आहे का हे त्यातून कळत नाही, कधीतरी चालू होतं एवढंच कळतं. त्यामुळे लक्ष्य म्हणून आयटीएस-१ निवडला, म्हणजे १८एस आणि ५.८एस यांच्या मधला तुकडा. तो मूळ लांब आरएनएमध्ये असतो, प्रक्रियेत कापला जातो आणि लगेच नष्ट होतो. दिसला म्हणजे जनुकावरून आरएनए लिहिणं चालू आहे. आणि तो दोन प्रजातींत वेगळा आहे.

प्रायमर दोन्ही बाजूंच्या सारख्या भागांवर बसवले, म्हणजे एकाच जोडीने दोन्ही प्रजाती वाढतील. दोन्ही क्रम शेजारी मांडून असं ठिकाण शोधलं की जिथे रिस्ट्रिक्शन एन्झाइम मेलचा तुकडा कापेल आणि सिमचा अखंड ठेवेल. जेलवर खालचे दोन पट्टे मेलचे, वरचा सिमचा. रिअल-टाइम यंत्रावर आमच्या बॅचला वेळ मिळणं कठीण आहे, म्हणून ही जुनी रीत.

१२ फेब्रुवारी

आरएनएचं पहिलं जेल. दोन पट्टे हवेत, २८एस आणि १८एस. दिसतो एकच, १८एसच्या जागी, जाड. बॅचमधल्या सगळ्यांनी येऊन "आरएनए सडला" असा निकाल दिला. मॅडमनी लांबूनच बघून सांगितलं की नमुना उत्तम आहे. कीटकांच्या २८एसमध्ये एक लपलेली चीर असते. नमुना गरम केला की हायड्रोजन बंध सुटतात आणि २८एस दोन जवळपास सारख्या तुकड्यांत मोडतो. दोन्ही १८एसच्या शेजारीच धावतात. तापवल्याशिवाय तोच नमुना चालवला तर दोन पट्टे. चालवून पाहिलं. दोन पट्टे.

हे पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

१५ फेब्रुवारी

डीएनएज (डीएनए नष्ट करणारं एन्झाइम) दोनदा. रायबोसोमल जनुकांच्या शेकडो प्रती असल्यामुळे आरएनएत डीएनएचा कण जरी राहिला तरी तोच वाढतो आणि गप्प जनुक बोलतंय असं भासतं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरटी, आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासोबत. ती पूर्ण कोरी आल्याशिवाय शेजारच्या पट्ट्याला अर्थ नाही.

२० फेब्रुवारी

मिश्रणं. शुद्ध मेल आणि शुद्ध सिम डीएनए ठरलेल्या प्रमाणात मिसळून तीच पीसीआर, तेच कापणं. जेवढं सिम घातलं त्यापेक्षा वरचा पट्टा जास्त जाड येतो, विशेषतः मेल जास्त असताना. एन्झाइम कमी पडतंय असं वाटून दुप्पट घातलं, फरक नाही.

कारण शेवटी ताईने सांगितलं. पीसीआरच्या अखेरच्या फेऱ्यांत प्रायमर संपत आले की मेलची एक पट्टी आणि सिमची एक पट्टी एकमेकींना चिकटतात. अशी मिश्र जोडी एन्झाइम कापत नाही, ती वरच्या पट्ट्यात जमा होते. म्हणजे मेलचा माल सिमच्या खात्यावर. उपाय साधा: फेऱ्या कमी करायच्या, आणि शेवटची एक फेरी ताज्या प्रायमरसह. आता मिश्रणांची रेघ सरळ येते.

२४ फेब्रुवारी

मुलींचे मेंदू (मेल आई). डीएनएमध्ये मेल आणि सिम दोन्ही, जाडी साधारण बरोबरीची. आरएनएमध्ये मेल ठळक, सिमचा पट्टा डोळे बारीक करून बघितला तर आहे, नाहीतर नाही.

मुलांचे मेंदू: ते मुळातच लहान, इमॅजिनल डिस्क (ज्यांतून प्रौढाचे अवयव घडतात) तर जवळपास नसल्यासारख्या, त्यामुळे बरेच एकत्र करावे लागले. डीएनए आणि आरएनए दोन्हींत फक्त मेल. जसं हवं तसं.

शुद्ध सिमचे मेंदू: सिमचा आरएनए भरपूर. म्हणजे सिमची जनुकं आपल्या घरात ठणठणीत आहेत, प्रायमरही त्यांना धरतात.

लाळग्रंथी, मुली: आरएनएत मेल. पण डीएनएतही सिमचा पट्टा मेंदूतल्यापेक्षा स्पष्ट फिका. नुसती लाळग्रंथी घेतली असती तर हे दोन परिणाम एकमेकांत कालवलेलेच राहिले असते.

२७ फेब्रुवारी

मुलींच्या पाठीवरचे काही राठ केस गायब. क्षणभर वाटलं, बॉबड! रायबोसोमल जनुकांच्या प्रती कमी पडल्या की माशी बॉबड होते, प्रथिनं पुरत नाहीत म्हणून केस आखूड आणि बारीक. पण इथे केस आखूड नाहीत, मुळातून नाहीत. जे आहेत ते पूर्ण लांबीचे. या संकरात केस गळणं ही जुनी, वेगळी गोष्ट आहे. आणि विचार केला तर बॉबड व्हायचं कारणही नाही: एका एक्सवरचा मेलचा पूर्ण संच पुरून उरतो.

५ मार्च

उलट्या संकरात अखेर अळ्या. निम्म्या अंड्यांतून काही बाहेर आलं नाही, ते अपेक्षितच. वाचलेले सगळे मुलगे.

९ मार्च

मुलग्यांचे मेंदू, सिमचा एक्स आणि मेलचा वाय. आतापर्यंतचं सर्वांत देखणं जेल. आरएनएत मेल काळाभोर, सिम शून्य. डीएनएत दोन्ही.

फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला.

११ मार्च

मॅडमनी तोच फोटो बघून विचारलं, "मेल जिंकलं की वाय जिंकला?"

मेलच्या शुद्ध नरातच वायचा संच चालतो आणि एक्सचा गप्प असतो. ग्राइल आणि अहमद, २०१२. पुढे २०२० मध्ये यामाशिता यांच्या प्रयोगशाळेने, वॉर्सिंगर-पेपे हे पहिलं नाव, एकेका बेसच्या फरकावरून पेशीत बघूनच ठरवलं की आरएनए कुठल्या गुणसूत्राचा, आणि अळीच्या न्यूरोब्लास्टमध्ये वायचं प्राबल्य पक्कं केलं. शुद्ध मेल मादीत मात्र दोन्ही एक्स बरोबरीने चालतात. म्हणजे एका बाजूला गप्प बसवणं ही संकरातली बिघाडाची गोष्ट नाही, रोजच्या नराच्या शरीरात ते चालू असतं. संकरात ते लोकांना आधी दिसलं, कारण तिथे दोन बाजूंचा आरएनए ओळखू येतो. मला वाटतं या विषयात सर्वांत मोठी उलथापालथ हीच झाली, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात तिचा पत्ता नाही.

माझ्या मुलग्यांपुरतं: सिमचा एक्स गप्प आहे तो सिमचा म्हणून, की नुसता एक्स म्हणून? हे जेल सांगू शकत नाही. सर्वांत स्वच्छ निकाल आणि त्याचा अर्थ सर्वांत कमी.

एक उपयोग तरी आहे. या मुलग्यांचं अंडं सिमचं, अंड्यातला सगळा माल सिम आईचा, तरी मेलचा संच चालला. म्हणजे आई ज्या प्रजातीची तिची जनुकं चालतात, हा खुलासा बाद.

१६ मार्च

मुलींकडे परत. त्यांच्यात दोन्ही एक्स, वाय नाही. शुद्ध मेल मादीत दोन एक्स बरोबरीने चालतात, इथे चालत नाहीत. म्हणून प्रजातीचा फरक इथेच खरा दिसतो. तरी एक फट राहते. मुलींत मेलचा एक्स नेहमी आईकडून आलेला आहे. कुणी म्हणालं की "आईकडून आलेला एक्स चालतो, आणि मुलग्यांत वाय चालतो", तर माझे सगळे पट्टे त्या म्हणण्यातही बसतात. मेल, सिम हे शब्दही वापरायची गरज नाही.

ही फट बुजवायला हवी ती मुलगी म्हणजे सिम आईची, मेल बापाची. नेमकी तीच अंड्यात मरते.

२१ मार्च

गुणसूत्रांची स्लाइड. मेंदू सलाइनमध्ये काढला, कोल्चिसिन, मग सोडियम सायट्रेटमध्ये फुगवला, ४५ टक्के अॅसिटिक आम्लात दाबला. कव्हरस्लिप काढायला द्रव नायट्रोजन. ३५९ च्या पट्ट्याला चिकटणारा चकाकणारा प्रोब वापरला. सिमच्या एक्सवर असा मोठा पट्टा नाही, त्यामुळे चमकणारा एक्स मेलचा. मुलींच्या पेशींत चमकणाऱ्या एक्सवर दुय्यम खाच दिसते, दुसऱ्यावर दिसत नाही. सगळ्या पेशींत नाही, पण जिथे गुणसूत्रं नीट पसरली आहेत तिथे. नावाशिन यांनी क्रेपिसमध्ये पाहिलं ते हेच.

२८ मार्च

दुपारी बराच वेळ वीज नव्हती, इन्क्युबेटर तापला. संकर मुलींना वरचं तापमान सोसत नाही. २५ ला नीट वाढतात, २९ च्या आसपास मरू लागतात. या आठवड्याच्या नळ्या वापरायच्या नाहीत, जगलेल्याही नाहीत.

४ एप्रिल

लहान अळ्या. प्राबल्य विकासाच्या ओघात हळूहळू बसतं असं शुद्ध मेल नरांच्या बाबतीत म्हटलं आहे, म्हणून पहिल्या टप्प्यातल्या संकर मुलीही घेऊन पाहिल्या. एवढ्या लहान अळीचा मेंदू वेगळा काढणं माझ्या हाताबाहेर, अख्खी अळी घेतली. आकड्यांचा रंग या वयात बघणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, पण जमतं.

सिमचा पट्टा तिसऱ्या टप्प्यातल्यापेक्षा ठळक. आरटी नसलेली नळी कोरी. मात्र इथे अख्खी अळी आहे आणि तिथे नुसता मेंदू, त्यामुळे वय आणि ऊतक दोन्ही एकदम बदलले आहेत. प्रबंधात हे जेल जाईल, "वयानुसार" हा शब्द त्याखाली जाणार नाही. तिसऱ्या टप्प्याची अख्खी अळी चालवायला हवी, पण तिच्यात लाळग्रंथीचा आणि चरबीचा डीएनए इतका असतो की पुन्हा ३ फेब्रुवारीच्याच प्रश्नावर येऊन पोचतो.

११ एप्रिल

मरणाऱ्या मुली वाचवण्याचे दोन रस्ते वाचनात आहेत, दोन्ही सावामुरा आणि सहकाऱ्यांचे, १९९३ चे.

पहिला झेडएचआर: मेलच्या एक्सवरचा ३५९ चा पट्टाच बहुतांश काढून टाकलेला स्टॉक. बाप तो घेतला की मुली जगतात. मी हाच मागवायला निघाले होते. मग गुणसूत्राचा नकाशा उघडला. ३५९ चा पट्टा रायबोसोमल संचाच्या अगदी शेजारी, त्याच हेटेरोक्रोमॅटिनमध्ये. आणि ड्युरिका-क्रायडर यांच्या १९७८ च्या लेखाचं शीर्षकच न्यूक्लिओलर डॉमिनन्स घडवणाऱ्या हेटेरोक्रोमॅटिनच्या भागांबद्दल आहे. प्राबल्य ज्या शेजाऱ्यांच्या जोरावर ठरतं असा संशय आहे, त्यांनाच हाकलून प्राबल्य मोजायचं? मेल हरलं तर ते बापाकडून आलं म्हणून की शेजार गेला म्हणून, पुन्हा दोन कारणं.

दुसरा एमएचआर: सिमचा स्टॉक. इथे बदल सिम आईत आहे, तिच्या अंड्यातून मुली वाचतात, आणि मेलचा एक्स बापाकडून जसाच्या तसा, शेजारासकट येतो.

मॅडमना दाखवलं. एमएचआरची चौकशी त्यांनी आजच ईमेलने पाठवली.

१८ एप्रिल

स्टॉक या सत्रात येणं शक्य नाही, कागदपत्रं आणि क्वारंटाइन धरून. प्रबंधात निष्कर्ष इतकाच लिहायचा ठरला: मेल आईच्या संकर मुलींच्या न्यूरोब्लास्टमध्ये सिमचा संच पूर्ण प्रमाणात हजर असून जवळपास लिहिला जात नाही; आईची प्रजाती हे त्याचं कारण नाही; एक्स कुणाकडून आला याचा परिणाम तपासलेला नाही. मुलग्यांचं देखणं जेल परिशिष्टात.

एमएचआर आल्यावर जो कुणी हे पुढे नेईल त्याच्यासाठी: बाप यलो मेल घेऊ नका. त्या संकरात मुलांना आणि मुलींना, दोघांनाही सिम आईचा साधा एक्स मिळतो, त्यामुळे सगळ्यांचे आकडे काळेच दिसतील, लिंग ओळखता येणार नाही. म्हणून सिम आई यलो असलेली हवी आणि मेल बाप साधा. सिमचा यलो स्टॉक एमएचआरशी जुळवून घ्यायला काही पिढ्या जातील, तेव्हा ते काम जूनमध्येच सुरू करा. मिश्रणांचे डीएनए उणे २० मध्ये, निळ्या झाकणाच्या नळ्यांत आहेत.